स्वस्त मजुराचे अर्थकारण

अमेरिकेत परवान्यावाचून काम करणाऱ्या परदेशी मजुरांचा विषय निघाला की दोन ठराविक युक्तिवाद ऐकू येतात. हे लोक स्थानिकांच्या तोंडचा घास काढून घेतात, असे एक पक्ष म्हणतो. त्यांच्यावाचून पीक शेतातच कुजेल, असे दुसरा. वाद चालतो तो मजुरांच्या संख्येचा. वास्तविक प्रश्न आहे तो त्यांच्या असहायतेचा.

याला इतिहासाची साक्ष आहे. महायुद्धामुळे शेतीला माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून ‘ब्रासेरो’ योजनेखाली शेतमजूर आणले. १९६४ अखेर ती योजना बंद झाली. परके गेले की देशी मजुरांची मजुरी वाढेल, अशी अपेक्षा होती. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडे तपासले, तेव्हा तशी वाढ आढळली नाही. कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या मळ्यांत काढणीची यंत्रे आली. आणि पूर्वी कराराने येणारी माणसे हळूहळू कागदांवाचून येऊ लागली.

१९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लक्ष लोकांना अधिकृत वास्तव्य दिले आणि अशा मजुरांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड ठरविला. परंतु हा दंड ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवल्यास. कागद वरकरणी खरे दिसले की मालक मोकळा! परिणामी बनावट कागदांचा बाजार तेवढा तेजीत आला.

अशा मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार राज्यांवर पडतो, हे खरे. पण तीच मुले मोठी होऊन भरघोस कर भरतात, असे तेथील राष्ट्रीय अकादमीचा २०१६ चा अहवाल सांगतो. शिवाय बनावट क्रमांकावर काम करणाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते. निवृत्तिवेतन मात्र त्याला मिळत नाही.

संघटना बांधू पाहणाऱ्या अशा एका मजुराला बेकायदा कामावरून काढले, तरी तो बुडालेल्या वेतनाला पात्र नाही, असा निर्णय २००२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. मग मालकाने हक्क असलेला मजूर का पत्करावा? स्थानिक कामगाराची स्पर्धा परक्या माणसाशी नाही, त्याच्या हक्कशून्यतेशी आहे.

म्हणून उपाययोजनेचा क्रम उलटा हवा. किमान वेतनाची तपासणी आधी मालकाच्या दारी व्हावी, आणि तक्रार करणाऱ्याला हद्दपारीचे भय नसावे. हंगामी परवाना एकाच मालकाशी जखडलेला नसावा. वर्षानुवर्षे राबलेल्यांना अधिकृत वास्तव्याचा मार्ग खुला व्हावा. हे कायदा मोडणाऱ्याला बक्षीस नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. पण कायदा मोडणारे दोघे असतात. त्यांपैकी एकाला स्वस्त श्रमाचे बक्षीस आजही रोज मिळते; शिक्षेचे भय वाहतो तो दुसराच.