माळ्यावरचा शनिवार

पावणेसात

सकाळची मिस्सा संपून माणसं पांगायला लागली की मी मागच्या जिन्याने गायनवृंदाच्या माळ्यावर चढतो. एका खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्यावर केबलींची पिशवी. वसईच्या पश्चिमेकडच्या ह्या चर्चमध्ये डिजिटल ऑर्गन आहे. दोन मॅन्युअल, प्रत्येकात ६१ पट्ट्या, खाली पायांसाठी ३० पेडलं, दोन्ही अंगांना आवाजाचा पोत निवडायचे स्टॉप. युरोपातल्या कुठल्याशा चर्चने नवा घेतला आणि हा इकडे आला. संगीत नाटकात ज्याला ऑर्गन म्हणायचे तो पायाने भाता मारायचा, पितळी जिभांचा. ह्याचं त्याच्याशी नातं नावापुरतंच. ह्यात हवा नाही, भाता नाही, पाइपही नाहीत. पाइप ऑर्गनच्या सुरांचे नमुने चिपांमध्ये साठवलेले, आवाज येतो स्पीकरमधून. अमेरिकेच्या ॲलन कंपनीने १९७१ साली असा ऑर्गन पहिल्यांदा बाजारात आणला.

आजचं काम काय, ते खाली अंगणातच ठरलं. इथे ऑर्गन वाजवणाऱ्या टीचर मुंबईतल्या शाळेत शिकवतात. लोकल पकडून परत येईपर्यंत आठवड्यातल्या तालमी उरकलेल्या असतात. कमिटीतले एक काका म्हणाले, "एकदा सगळं भरून ठेवा ना. बटण दाबलं की मिस्सा वाजली पाहिजे."

फादर हसले. "मिस्सेत नाही हां काका. तालमीला वापरा, शिकवायला वापरा."

फादर मनाचं बोलत नव्हते. रोमने १९५८ साली पवित्र संगीतावर एक सूचनापत्र काढलं. आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, टेप असली यंत्रं उपासनेत चालणार नाहीत, असं त्यात सरळ लिहिलं आहे. लोकांना गाणी शिकवण्यापुरती वाट मोकळी ठेवली आहे. माझं मत विचाराल तर हा नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. का, ते संध्याकाळी काकांनाही दिसलं.

आठ

ऑर्गनच्या मागे, धुळीत, मिडीची तीन गोल भोकं आहेत: इन, आउट, थ्रू. प्रत्येकात पाच पिनांचा प्लग बसतो, पण निरोप नेण्याचं काम दोनच पिना करतात, तिसरी कवचाची, उरलेल्या दोन नुसत्या शोभेच्या. समुद्र जवळ असल्यामुळे पिनांवर हिरवट थर धरलेला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला तेव्हा चकाकी आली.

पहिला नियम साधा आहे, तरी निम्मी दुरुस्तीची बोलावणी त्याच्यापायी येतात. ऑर्गनचा आउट लॅपटॉपच्या इंटरफेसच्या इनमध्ये जातो आणि इंटरफेसचा आउट ऑर्गनच्या इनमध्ये. एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान. लोक नाव बघून आउटला आउट जोडतात आणि मग ऑर्गन बिघडला म्हणतात. केबल १५ मीटरच्या आत ठेवायची. काकांना बटण खाली वेदीजवळ हवं होतं, ते तिथेच बारगळलं.

मिडी म्हणजे काय, हे सॅक्रिस्टनमामांनी चहा आणून देताना विचारलं. मी म्हटलं, "मामा, ह्या तारेतून आवाज जात नाही. कुठली पट्टी कधी दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप जातो." मधला सा, म्हणजे पाश्चात्त्यांचा मिडल सी, त्याचा नंबर ६०. पट्टी दाबली की 'साठ चालू', उचलली की 'साठ बंद'. तार सेकंदाला ३१,२५० बिट नेते, एका सुराच्या निरोपाला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. १९८३च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या नॅम ह्या वाद्यांच्या प्रदर्शनात, डेव्ह स्मिथ ह्यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन सिंथेसायझर ह्याच तारेने पहिल्यांदा लोकांसमोर जोडले गेले. एकमेकांच्या धंद्यावर उठलेल्या कंपन्यांनी एक भाषा ठरवली आणि ती आजही तशीच चालते. मला तरी दुसरं असं उदाहरण चटकन आठवत नाही.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आत टीचर नाही, टीचरची बोटं." ह्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

साडेनऊ

लॅपटॉपचं वाय-फाय बंद, अपडेट बंद. सिक्वेन्सर म्हणून, म्हणजे हे निरोप भरून घेऊन परत पाठवायला, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, क्यूबेस, रीपर, काहीही. आपल्याला हवे आहेत तीन-चार ट्रॅक आणि बिनबोभाट रेकॉर्डिंग. एका तारेत १६ चॅनेल मावतात. ह्या ऑर्गनात खालचं मॅन्युअल चॅनेल १, वरचं २, पेडलं ३. तिघांना तीन ट्रॅक. सॉफ्टवेअरला एक गोष्ट बजावून सांगावी लागते: आलेला निरोप लगेच परत पाठवू नकोस. नाहीतर तीच पट्टी एकदा बोटाने आणि एकदा तारेतून दाबली जाते आणि सूर अडकायला लागतात.

खरी किचकट बाब स्टॉपची. सूर सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना सारखेच कळतात, स्टॉपचे निरोप मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने बांधले आहेत. म्हणून मी स्टॉप एकेक करून रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत पडत नाही. ऑर्गनच्या मॅन्युअलखाली पिस्टनची बटणं असतात. एका बटणात स्टॉपची अख्खी जुळणी साठवता येते. प्रिन्सिपल ८ फूट, ऑक्टेव्ह ४ फूट, पायात बोर्डुन १६ फूट, अशी. हे फूट म्हणजे त्या स्टॉपचा सर्वांत खालचा सूर देणाऱ्या उघड्या पाइपची लांबी. इथे पाइपच नाहीत, तरी हिशोब तोच चालतो. पिस्टन दाबला की तारेतून 'प्रोग्रॅम चेंज' नावाचा छोटा निरोप जातो.

पण बटणावर ३ लिहिलेलं असतं आणि पडद्यावर येतात २. ऑर्गन एकपासून मोजतो, तार शून्यापासून. शिवाय सिक्वेन्सर मधूनच सुरू केला तर आधी कुठले स्टॉप उघडे होते हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक कडव्याच्या आधी, पहिल्या सुराच्या एक मात्रा अलीकडे, पिस्टनचा निरोप हाताने बसवायचा. आवाज लहान-मोठा करणाऱ्या पायाच्या पेडलाचंही तसंच. त्याची किंमत सुरुवातीलाच लिहून ठेवायची, नाहीतर आदल्या माणसाने पेडल जिथे सोडलं असेल तिथून गाणं सुरू होतं.

अकरा

टीचर आल्या. चपला काढून ऑर्गनचे बूट घातले, बाकावर बसल्या आणि आधी नुसत्या पट्ट्यांवरून फडका फिरवला.

"दादा, मेट्रोनोम लावणार आहात का?"

"नाही. तुम्ही वाजवता तसंच वाजवा."

ठोक्यावर वाजवलेलं गाणं सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायला सोपं जातं, म्हणून बरेच जण ठोका लावतात. क्वांटाइझ नावाचं एक बटण तर सगळे सूर उचलून नेमक्या मात्रेवर नेऊन ठेवतं. मी ते ऑर्गनच्या बाबतीत हातात धरत नाही. पियानोचा सूर वाजला की आपसूक विरत जातो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली आहे तोवर तसाच उभा राहतो. त्यामुळे पट्टी सोडायची वेळ दाबायच्या वेळेइतकीच मोलाची. प्रवेशगीताच्या पहिल्या ओळीत एकच सूर तीनदा येतो. टीचर दोन सुरांमध्ये केसाएवढी फट ठेवतात. पडद्यावर ती दिसते: सूर म्हणजे आडव्या पट्ट्या, मात्रेचे ४८० भाग केलेले, त्यातले साठेक भाग मोकळे. मात्रा सेकंदाची धरली तर सेकंदाचा आठवा हिस्सा. ही फट बुजली की तीन शब्दांचा एक लांब भोंगा होतो आणि खाली गाणाऱ्याला दुसरा शब्द कधी उचलायचा ते कळत नाही.

प्रत्येक कडवं वेगळं भरलं. मध्येच वीज गेली. ऑर्गन यूपीएसवर नसल्यामुळे मेला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि वीज आली तेव्हा पडद्यावर एक सूर असा होता ज्याला सुरुवात होती पण शेवट नव्हता. 'चालू'चा निरोप पोचला, 'बंद'चा पोचलाच नाही. असा सूर वाजवला तर अनंतकाळ वाजत राहतो. त्यावर उपाय म्हणून कंट्रोलर १२३, म्हणजे सगळे सूर बंद, ह्याचं बटण मी पडद्याच्या कोपऱ्यात मोठं लाल करून ठेवलं. मामांना तेवढंच शिकवलं.

दीड

डबा खाऊन झाल्यावर मी टीचरना म्हटलं, "आता खाली जा. मधल्या बाकावर बसा."

त्या खाली गेल्या. मी माळ्यावरून प्ले दाबलं. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत, पण टीचर जे वाजवून गेल्या होत्या ते सगळं वाजायला लागलं. इतकी वर्षं त्यांनी हा ऑर्गन फक्त बाकावर बसून, स्पीकरच्या कुशीतून ऐकला होता. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"पेडल कुठंय? काहीच ऐकू येत नाही. आणि ते मिक्श्चर किती टोचतंय!"

वर आल्या, पिस्टनमधून मिक्श्चरचा तो तिखट स्टॉप काढला, पेडलला ८ फुटांचा आणखी एक स्टॉप जोडला, परत खाली. परत वर. हे तासभर चाललं. एकही सूर नव्याने वाजवावा लागला नाही, कारण भरलेली होती ती बोटं. त्यांना कुठले स्टॉप द्यायचे ते मागाहून ठरवता येत होतं. साध्या रेकॉर्डिंगला हे जमत नाही. ऑर्गनिस्ट वाजवत असताना श्रोत्यांत बसू शकत नाही ही अडचण जुनी आहे, आणि सिक्वेन्सरचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर हेच. ही कल्पना तारेच्याही आधीची आहे. जर्मनीच्या वेल्टे कंपनीने भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर ऑर्गन भरून ठेवला होता. १९१३ साली माक्स रेगर ह्या संगीतकाराने स्वतः वाजवलेल्या गुंडाळ्या आजही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झेवेन गावच्या संग्रहालयातला वेल्टेचा ऑर्गन, जो टायटॅनिकची धाकटी बहीण ब्रिटॅनिक हिच्यासाठी बांधला होता, तो ह्या गुंडाळ्या वाजवतो.

तीन

गायनवृंदाचा निरोप आला: अर्पणगीत फार उंच जातंय, दोन पट्ट्या खाली घ्या. सॉफ्टवेअरमध्ये सगळे सूर निवडून दोनने उतरवणं म्हणजे एक क्लिक. तिथेच गोम आहे. पेडलचा सर्वांत खालचा सूर नंबर ३६. तो दोनने उतरवला की ३४, आणि ३४ नंबरचं पेडल ऑर्गनात नाही. गाणं उतरतं आणि बरोबर समेवर पाया गायब होतो. म्हणून सूर तसेच ठेवून ऑर्गनवरचाच ट्रान्सपोझर दोनने खाली केला. टीचरनी ते कागदावर लाल शाईने लिहून घेतलं.

साडेचार

लग्न. मेंडेल्सोनचा मार्च टीचर स्वतः वाजवणार, सिक्वेन्सर बंद. नवरीची गाडी कुठेतरी अडकली. टीचरनी आधीचा तुकडा पाच-सहा वेळा फिरवला, दर वेळी एखादा स्टॉप कमी-जास्त करत, दरवाजाकडे आरशातून बघत. नवरी उंबऱ्यावर आली त्या क्षणी दोन स्वरांत वळण घेऊन मार्च. काका माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरं बरं."

साडेसहा

तालीम. गायनवृंद माळ्यावर, टीचर मुद्दाम खाली. प्रमुख गायिकेच्या पायाशी एक फूटस्विच: दाबला की पुढचं कडवं. पहिलं कडवं झकास. यंत्राचा एक फायदा असा की ते रेंगाळत नाही. चर्च लांब आहे. माळ्यावरून वेदीपर्यंत ३० मीटर, आवाजाला पोचायला सुमारे ९० मिलिसेकंद, आणि पुढच्या बाकांचं गाणं परत यायला तेवढेच. नवखा वादक खालचं गाणं ऐकून थांबतो, खालचे वादकाला ऐकून थांबतात आणि गाणं पेंगायला लागतं. टीचर अनुभवाने ते ऐकत नाहीत. यंत्राला तर कानच नाहीत.

तिसऱ्या कडव्याला हेच अंगाशी आलं. ओळीच्या शेवटी आज्या श्वास घेत होत्या आणि ऑर्गन पुढची ओळ सुरू करून मोकळा. मधल्या बायका धावत सुटल्या, पुरुष मागे राहिले, शेवटचा शब्द तीन वेगवेगळ्या वेळी संपला. सगळे हसले. सकाळी टीचरनी नुसतं वाजवलं होतं, तोंडाने गायल्या नव्हत्या, म्हणून ओळींमधल्या जागा तोकड्या पडल्या. आता त्या वर आल्या, गुणगुणत तीच तीन कडवी पुन्हा वाजवली. पडद्यावर पाहिलं तर ओळींच्या शेवटी मोकळी जागा जवळजवळ दुप्पट झालेली.

मग दहावीतला एक मुलगा, जो महिनाभर पेडलं शिकतोय, त्याला बसवलं. पेडलचा ट्रॅक म्यूट केला. हात टीचरचे, पाय त्याचे. पहिल्या ओळीत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा खाली न बघता वाजवलं, तेव्हा टीचर म्हणाल्या, "अरे, आता टाचही वापर." फादर हे बघायला वर आले आणि बुधवारच्या तालमीला त्याचाच नंबर लावून गेले.

आठ

फायली दोन पेनड्राइव्हवर. कुठल्या गाण्याला कुठला पिस्टन, ट्रान्सपोझर किती, ते कागदावर लिहून ऑर्गनच्या झाकणाच्या आतून चिकटवलं. आता पिस्टनची जुळणी कुणी बदलली तर सगळी गाणी बिघडतील, म्हणून मेमरीचं कुलूप लावायचं. मामांचं म्हणणं, किल्ली सॅक्रिस्टीच्या खणात राहू दे, तिथे सगळ्यांना सापडते.

"म्हणूनच नको," म्हणत टीचरनी ती आपल्या घराच्या किल्ल्यांना अडकवली. मामांनी दुसरी किल्ली मागितली. ती मी पुढच्या शनिवारी बनवून आणतो, असं कबूल करून बसलोय.