बाळाचं औषध नेमकं किती मिली?

बाळाला ताप आला की खान्देशातल्या बहुतेक घरांत आधी मागच्या वेळी उरलेली बाटली शोधली जाते. जळगाव-धुळ्याचा पारा एप्रिल-मेमध्ये 44-45 अंशांवर जातो, आणि बाटलीवर बहुधा ‘30 अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. पत्र्याच्या घरात उन्हाळा काढलेली बाटली आपण सरळ टाकून द्यावी.

नवी बाटली आणली की आधी तिची ताकद वाचावी, म्हणजे किती मिलीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. तापावरच्या पॅरासिटामॉलच्या साध्या सिरपच्या 5 मिलीत बहुधा 125 मिलिग्रॅम असतं, जास्त ताकदीच्या सिरपच्या 5 मिलीत 250, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या एकाच मिलीत 100. म्हणजे डॉक्टरांनी दहा किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम सांगितलं, तर पहिल्यातून 6 मिली, दुसऱ्यातून 3 आणि थेंबांतून फक्त दीड मिली. दिसायला लहान असलेली थेंबांची बाटलीच सगळ्यात कडक! डोस वजनावर ठरतो, त्यामुळे थोरल्याचा डोस धाकट्याला चालत नाही.

मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज घ्यावी. घरातले चमचे एका मापाचे नसतात. बाटली हलवून औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं. नाक दाबून पाजलं तर ठसका लागतो.

दिलेली वेळ लगेच लिहून ठेवावी. आईने दिलं, तासाभराने आजीनेही दिलं, असं नेहमी होतं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तास हवेत आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नकोत. सर्दीच्या कित्येक सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, तेही यात धरावं.

खोकल्याचं सिरप मात्र मनाने देऊच नये. 2025 मध्ये छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ प्यायलेल्या मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, वीसहून अधिक मुलं गेली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राने तेव्हा कळवलं.

चुकून जास्त डोस गेला तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन सरकारी रुग्णालय गाठावं; 108 ची गाडी मोफत येते. पॅरासिटामॉल जास्त झालेलं मूल पहिल्या दिवशी हसतं-खेळतंही, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.