'व्यापार' या एका शब्दाची व्याप्ती : पोर्तो रिकोतील कोंबड्यांच्या झुंजी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सत्तेखाली असूनही ज्यांना घटकराज्याचा दर्जा नाही, अशा प्रदेशांत पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट लोकसंख्येने सर्वांत मोठे आहे. १८९८ मध्ये ते स्पेनकडून अमेरिकेकडे आले. कोंबड्यांच्या झुंजी तेथे स्पॅनिश अमदानीपासून चालत होत्या. नव्या राज्यकर्त्यांनी त्या निषिद्ध ठरविल्या. १९३३ मध्ये त्यांना पुन्हा कायद्याची मान्यता मिळाली आणि परवाने, पंच व तिकिटे यांनी बांधलेला एक रीतसर व्यवसाय उभा राहिला. झुंजीच्या आखाड्यास तेथे 'गायेरा' म्हणतात; 'गायो' म्हणजे कोंबडा, त्यावरून हा शब्द.

पशूंच्या झुंजींविषयी मध्यवर्ती कायदा १९७६ मध्येच झाला होता. परंतु जेथील स्थानिक कायदा पक्ष्यांच्या झुंजींना परवानगी देतो, तेथे त्यांना अपवाद ठेवण्यात आला होता. २००८ मध्ये लुइझियाना या अखेरच्या राज्यानेही बंदी अमलात आणली, तेव्हा या अपवादाचा आश्रय केवळ प्रदेशांनाच उरला. २०१८ च्या कृषिविषयक कायद्याने तोही काढून घेतला व २० डिसेंबर २०१९ पासून बंदी सर्वत्र लागू झाली. ज्या काँग्रेसने हे केले, तिच्या कनिष्ठ गृहातील पोर्तो रिकोच्या एकमेव प्रतिनिधीस विधेयकावरील अंतिम मतदानाचा अधिकार नाही आणि वरिष्ठ गृहात तर बेटाचा सभासदच नसतो. बेटावरील रोषाचे मूळ कोंबड्याइतकेच येथेही आहे.

बंदीच्या विरोधात मुख्य भर होता तो अर्थव्यवस्थेवर. या व्यवसायाची वार्षिक उलाढाल सुमारे १ कोटी ८० लक्ष डॉलर असून त्यावर २७,००० लोकांचा रोजगार अवलंबून आहे, असे सांगितले जाई. हे दोन्ही आकडे जसेच्या तसे मानले, तरी भागाकार करून पाहावा : दरमाणशी वर्षाला सुमारे ६६७ डॉलर येतात. अर्थात बहुसंख्यांच्या दृष्टीने हा चरितार्थ नसून जोडउत्पन्न होते, असेच म्हणावे लागते. पैजेच्या पैशाविषयी तर बोलावयासच नको. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, त्यातून नवी संपत्ती निर्माण होत नाही. तथापि जोडउत्पन्न म्हणून ते तुच्छ लेखणे योग्य नव्हे. ज्या खेड्यात दुसरा उद्योग नाही, तेथे पक्षी वाढविणारा, दाणा विकणारा व आखाड्याच्या दारी खाद्यपदार्थ विकणारी बाई यांना त्या रकमेचा आधार फार मोठा असतो.

परंतु या युक्तिवादात एक पेच होता. मध्यवर्ती कायद्यात झुंजीची व्याख्या करताना 'आंतरराज्य अथवा परदेशी व्यापारात घडणारी किंवा त्यावर परिणाम करणारी' अशा आशयाचे विशेषण आहे. बंदी लागू होण्याच्या अगदी तोंडावर पोर्तो रिकोच्या राज्यपाल वांदा वास्केस यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. पक्षी व तत्संबंधी वस्तू बेटाबाहेर जाणार-येणार नसतील, तर झुंज वैध राहावी, असा त्याचा रोख. म्हणजे त्या विशेषणाचा अर्थ शक्य तितका आकुंचित करावयाचा. पण बेटावरील अन्नधान्य बव्हंशी बाहेरूनच येते. कोंबड्याच्या दाण्याला तरी सीमा कोठे आखावी? आणि व्यवसाय जितका मोठा म्हणून सांगावा, तितका त्याचा व्यापारावरील परिणामही मोठा ठरतो. एकाच आकड्याने व्यवसायाची महती वाढे आणि मध्यवर्ती सत्तेचा अधिकारही दृढ होई. जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली ती व्यापारविषयक अधिकाराच्याच आधारावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पॅसिफिकमधील ग्वाम बेटाच्या बाबतीतही त्याच वर्षी असाच निर्णय झाला.

अंमलबजावणीचा प्रश्न मात्र निकालपत्राने सुटत नाही. स्थानिक कायद्यात जे कृत्य वैध, त्याबद्दल स्थानिक पोलिसांनी कोणत्या कलमाखाली कारवाई करावी? भार पडतो तो मध्यवर्ती यंत्रणांवर, आणि आखाडे तर गावोगाव पसरलेले. झुंज भरविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, नुसत्या प्रेक्षकास एक वर्षापर्यंत आणि सोळा वर्षांखालील मुलास घेऊन जाणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिक्षा कडक आहे; परंतु प्रेक्षकच गुन्हेगार ठरल्यावर आखाड्यात काय घडले हे सांगावयास साक्षीदार कोठून मिळावा?