पिंजऱ्यातला रेणू

मायक्रोवेव्ह भट्टीत एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात फ्रीजमधून नुकताच काढलेला बर्फाचा खडा ठेवून पाहा. पाणी कढत होईल, तरी बर्फ बराचसा तसाच असेल. रेणू दोहोंत एकच. मग हा पंक्तिप्रपंच का?

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असते. विद्युत्-क्षेत्र जिकडे वळेल तिकडे तो वळू पाहतो. पदार्थ अशा क्षेत्राला किती दाद देतो हे सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युतांक. पाण्याचा तो सुमारे ८०. बर्फात तेच रेणू शेजाऱ्यांशी जखडलेले. भट्टीतल्यासारखे क्षेत्र झपाट्याने उलटसुलट होऊ लागले, की त्यांना वळायला सवडच मिळत नाही आणि आकडा ३ च्या आसपास उतरतो. म्हणजे ही एक कळच झाली : ऊब दिली की चालू, गोठवले की बंद.

पण पाणी वाहते. उपकरणात बसवायची कळ घन हवी, आणि घन पदार्थात रेणू फिरणार कसा?

फिरतो! शिसे आणि आयोडीन यांचा खनिज पिंजरा कल्पा. त्याच्या प्रत्येक घरात मेथिलॲमोनियम नावाचा सेंद्रिय पाहुणा. (नेमके बोलायचे तर हा रेणू नव्हे, आयन, पण आज तेवढी सूट द्यावी.) हा संकरित पदार्थ जर्मनीतील डीटर वेबर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. पोग्लिट्श आणि वेबर यांनी १९८७ मध्ये दाखवले, की नेहमीच्या तापमानाला हा पाहुणा सेकंदाच्या काही लक्ष-कोटीव्या भागांत तोंड फिरवतो. पिंजरा मात्र जागचा हलत नाही. उणे १११ अंश सेल्सियसच्या खाली पिंजराच वाकडा होतो, पाहुणा एका दिशेला अडकून पडतो आणि परावैद्युतांक एकदम कोसळतो. तापवा, पुन्हा चढतो.

कीर्ती मात्र या पदार्थाला सौरघटाने दिली. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने तो त्यासाठी वापरला.

अडचण उघड आहे. उणे १११ अंशांवर चालणारी कळ घेऊन करायचे काय? आयोडीनऐवजी ब्रोमीन घातले, तर हे तापमान आणखीच खाली जाते. मोठा, जड पाहुणा निवडावा, तर तो पिंजऱ्यात मावत नाही. पिंजरा मोडून त्याचे पत्रे होतात. शिवाय शिसे विषारी, आणि दमट हवेत हा स्फटिक टिकत नाही. म्हणून रसायनज्ञ आता शिशाला बगल देऊन इतर धातूंचे पिंजरे बांधून पाहत आहेत.