नरनाळ्याचा दरवाजा कोण बांधणार?

२ ऑगस्ट २०२३ ला कलादिग्दर्शक नितीन देसाई गेले. तेव्हापासून दर ऑगस्टला त्यांनी उभारलेल्या राजवाड्यांचे फोटो फिरू लागतात आणि मला त्याआधीचा काळ आठवतो. गेल्या वीस वर्षांतल्या ऐतिहासिक मालिकांवर वेळ घालवावा असं फारसं नाही. दिवे वाढले, दागिने वाढले, बस्स.

खरा काळ १९८७ नंतरचा. 'तमस' मालिकेला देसाई नितीश रॉय यांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. पुढे श्याम बेनेगलांचं ५३ भागांचं 'भारत एक खोज' आलं, १९९१ ला 'चाणक्य'. अमरावतीत या मालिका बघताना आमचे नेपथ्याचे मिस्त्री कथानक सोडून दारं-खांबच न्याहाळायचे. "हे तं खरं सागवान दिसून राह्यलं, सर!" सोमवारी तीच चौकट कॉलेजच्या नाटकासाठी प्लायमध्ये उभी करायचा हट्ट.

नाटकातली जुनी पत्रं मी करायचो. हातकागद चहाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. कडा जाळणं हा नवशिक्यांचा उद्योग. जुना कागद आधी घडीवर जातो, म्हणून घडीच चोळायची. मोडी येणारे एक निवृत्त तलाठी बोरूने मजकूर लिहून देत. शेवटच्या रांगेला त्यातलं अक्षरही दिसणार नाही, हे ठाऊक असूनही मायना चुकला तर ते कागद फाडत.

तेव्हाचं सगळंच सोन्याचं होतं असं नाही. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरला 'टिपू सुलतान'च्या सेटला आग लागली, ६२ माणसं गेली. तरट आणि सैल वायरिंग यांची किंमत तेव्हा कळली.

आता मालिकांत पत्रावर कॉम्प्युटरचा फॉन्ट असतो आणि कोणत्याही किल्ल्याला एकच दरवाजा. मध्यंतरी एका मालिकेच्या माणसाला मी आमच्या वऱ्हाडातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाची रेखाटनं दाखवली: १४८७ चा पांढुरका दगड, कोरलेली कमळं, वर अरबी लेख, बाजूला दगडी जाळ्या. तो म्हणाला, "गेट आमच्याकडे तयार आहे, रंग बदलू."

याच वऱ्हाडात २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज-मराठ्यांची अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड किल्ला पडला. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री अजून उभी आहे. एवढा ऐवज असून मालिकांमध्ये वऱ्हाड येतं ते वसुलीच्या संवादापुरतं. आमची तक्रार भाषेची नाही, हजेरीची आहे. नरनाळा अकोटहून काही लांब नाही. रंगाचा डबा राहू द्या, आधी टेप घेऊन या.