मराठवाडा भारतात आला कधी?

छत्रपती संभाजीनगरात वर्षातून चार वेळा सरकारी ध्वजारोहण होते. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्यदिन सगळ्या राज्याचे. चौथा, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, फक्त मराठवाड्याचा. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी त्या दिवशी मानवंदना होते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हा चौथा दिवस समजावून सांगावा लागला तर नवल नाही. पण आता इथल्याच महाविद्यालयांतल्या मुलांनाही तो सांगावा लागतो, आणि सांगायला बसले की गैरसमजांचे थर निघू लागतात. आपण या देशाचे झालो ते कसे, आणि कोणत्या मूल्यांनी एकमेकांशी बांधलो गेलो, हा प्रश्न त्या थरांखाली गाडला गेला आहे.

‘१५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो’

देशाचा बराच मोठा भाग झाला, मराठवाडा झाला नाही. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजाम मीर उस्मान अली खान यांना स्वतंत्र राहायचे होते. संस्थानातल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवणारे तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. ‘पोलीस कारवाई’ या नावाने भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. देशाच्या स्वातंत्र्यानंतरचे ते तेरा महिने इथल्या माणसांनी रझाकारांच्या, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीत काढले.

लढ्याची सुरुवात मात्र त्याच्या दहा वर्षे आधीची. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट सोडला नाही आणि शिक्षणावर पाणी सोडायची तयारी ठेवली. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले.

‘१७ सप्टेंबरला लोकशाही आली’

त्या दिवशी निजामाची राजवट संपली, एवढेच खरे. पाठोपाठ आली ती लष्करी राजवट, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची. निजाम पदावर राहिला. २६ जानेवारी १९५० ला तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला.

याहून महत्त्वाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. संविधान सभेत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नाही. जे संविधान लोकांच्या नावाने सुरू होते, त्याच्या एकाही कलमावर मराठवाड्याच्या माणसाने हात वर केलेला नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला दिल्लीत संविधान स्वीकारले गेले, त्याच्या तीन दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, निजामाने फर्मान काढून ते आपल्या राज्याला लागू होईल असे मान्य केले. लोकांचे राज्य आमच्याकडे राजाच्या फर्मानाने आले!

अमेरिकेच्या इतिहासात याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहायला बारा राज्यांचे प्रतिनिधी जमले. तेरावे राज्य ऱ्होड आयलंड, त्याने कोणालाच पाठवले नाही. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ अशा निसटत्या मतांनी त्याने संविधान मान्य केले. फरक इतकाच की ऱ्होड आयलंड आपल्या मर्जीने बाहेर राहिले होते. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक मला मराठवाड्याच्या इतिहासात १७ सप्टेंबरच्याच तोलाची वाटते. शेतमजूर, बायका, गावकुसाबाहेरची माणसे मतपेटीपाशी गेली, तेव्हा त्या फर्मानावर लोकांची सही झाली.

‘तो हिंदू-मुसलमानांचा झगडा होता’

रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे कोणी नाकारत नाही. पण भारतात विलीन व्हा असे उर्दूतून लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांना रझाकारांनीच ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केले. दुसरीकडे, निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात दलित नेते बी. एस. व्यंकटराव होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्य समाजाला निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले होते. लढाई राजेशाही आणि लोकांचे राज्य यांच्यात होती, आणि दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसे होती.

पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली, हेही याच इतिहासाचे पान आहे. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवले. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्याने हे पान फाडून टाकू नये.

‘स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द उसने आहेत’

संविधानातल्या या शब्दांसाठी फ्रान्सचे नाव घेतले जाते, अमेरिकेचे घेतले जाते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या जॉन ड्युईंना गुरू मानत, प्रभाव होताच. पण १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितले की हे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहे.

आणि अमेरिकेचा दाखला त्यांनी दिला तो इशारा म्हणून. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी जेम्स ब्राइसच्या पुस्तकातली हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या एका चर्चने प्रार्थनेत ‘आमचे राष्ट्र’ असे शब्द घालायचे ठरवले, तर भाविकांनीच हरकत घेतली. शेवटी ‘ही संयुक्त संस्थाने’ असा शब्दप्रयोग करावा लागला. स्थापनेला शंभर वर्षे होत आलेल्या देशाची ही गत, तर हजारो जातींत विभागलेले आपण स्वतःला राष्ट्र कसे समजतो, असा त्यांचा रोख होता. जाती राष्ट्रविरोधी आहेत, हे त्यांनी तिथेच बजावले.

समतेची घोषणा करणाऱ्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होता. गुलामी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती गुलामी मोडणाऱ्यांसाठी. स्थापनेच्या कागदापेक्षा तो खरा करायला झटलेली माणसे त्यांना मोठी वाटली.

‘नामांतर म्हणजे नावाचा वाद’

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. ग्रीक राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावीत, अशा परंपरेवरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, अशी मुले खेड्यापाड्यांतून इथे आली. शिकून त्यांनी प्रश्न विचारले. त्यातलाच एक, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव का नको?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. मराठवाड्याची अस्मिता पुसली जाईल, अशी भीती घातली गेली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले आदरणीय नेतेही नामांतराच्या विरोधात होते. त्यांचा त्याग वादातीत आहे, पण या प्रश्नावर ते चुकले असे माझे मत आहे. निजामाविरुद्ध लढलेल्या मराठवाड्यात, बंधुतेचा शब्द संविधानात असतानाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटवले. त्या आगीचे मूळ पाटीवरच्या नावात नव्हते, जातीत होते.

नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावात मराठवाडा जिथल्या तिथे राहिला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला दुसरे विद्यापीठ सुरू झाले, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्याच्याही नावात तो आहे.