सकाळी पांढरी दोन

‘‘सकाळी रेकॉर्ड पांढरी दोनला वाजते, आणि दिवेलागणीला तीच रेकॉर्ड ना धड पांढरी दोन, ना काळी एक.’’ तक्रार इतकी नेमकी असली की दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम वाचतं. तक्रार करणारे अण्णा लेण्याद्रीच्या पायथ्याचे, गोळेगावचे. भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे वेगाचा हिशेब ते स्वरातच सांगतात. आणि तो हिशेब चोख असतो: वेग साधारण सहा टक्के घसरला की स्वर एक पट्टी उतरतो. अर्ध्या पट्टीचा फरक म्हणजे तीन टक्के.

प्लेअर त्यांच्या चुलत्यांचा. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता: लग्नं, जत्रा, गणपती. पत्र्याच्या पेटीत कर्ण्यांच्या वायरींबरोबर अजून रेकॉर्डी आहेत. तमाशाची पंढरी म्हणवणारं नारायणगाव इथून जवळच, त्यामुळे लावण्या भरपूर आणि त्यांच्याच खाली भक्तिगीतं. तपासणीला मी 1979 च्या ‘अष्टविनायक’ची रेकॉर्ड काढली. वसंतराव देशपांड्यांचा आवाज कानात इतका बसलेला आहे की तो जरा जड झाला तरी लगेच खटकतं.

असा प्लेअर हातात आला की बरेच जण आधी स्क्रू काढतात. मी आधी मोजतो. थाळीच्या कडेला खडूची खूण करायची, रेकॉर्ड लावून सुई टेकवायची आणि घड्याळ बघत फेऱ्या मोजायच्या. तेहतीसच्या रेकॉर्डला तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. सुई टेकवल्याशिवाय मोजणं फुकट, कारण दमलेली मोटर रिकामी थाळी झोकात फिरवते आणि सुईचा भार आला की मान टाकते. मोबाइल थाळीवर ठेवून वेग सांगणारी ॲप आहेत, पण त्या मोबाइलचंच वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. अशक्त मोटरला ते ओझंच.

संध्याकाळी सत्त्याण्णवच्या पुढे आकडा गेला नाही. अण्णांचा कान बरोबर निघाला.

याहून बारीक मोजायला रेघांची चकती लागते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात 180 रेघांची चकती तेहतीसच्या अचूक वेगाने फिरली की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. सेकंदाला एक रेघ मागे सरकली तर वेग एक टक्का कमी, पुढे सरकली तर एक टक्का जास्त. चांगल्या एलईडी दिव्याखाली मात्र नुसता करडा पट्टा दिसतो, कारण तो दिवा लुकलुकतच नाही. अण्णांच्या गोठ्यात एक चोकवाली ट्यूब शिल्लक होती, म्हणून आमची प्रयोगशाळा म्हशींच्या शेजारी भरली.

पंचेचाळीसचा खटका टाकून पाहिला. तिथेही तेवढीच घसरण. हे महत्त्वाचं. या जातीच्या प्लेअरमध्ये मोटरच्या दांड्यावर पायऱ्यांची छोटी पुली असते. एक रबरी चाक तिला टेकतं, तेच थाळीच्या आतल्या कडेला टेकतं आणि थाळी फिरवतं. एकच वेग चुकत असता तर चाक भलत्या पायरीला घासतंय असा संशय आला असता. सगळे वेग सारख्याच प्रमाणात घसरले, म्हणजे दोष मोटरमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा रबराच्या पकडीत.

पण मग सकाळी ठीक कसं? उत्तर मीटरने दिलं. संध्याकाळी घरातला व्होल्टेज 180 च्या घरात होता. गावात सगळीकडे दिवे, टीव्ही, मोटारी एकदम चालू होतात, त्याचा हा परिणाम. ही साधी इंडक्शन मोटर. व्होल्टेज पडला की तिची ताकद पडते आणि भार असेल त्या प्रमाणात ती मागे रेंगाळते. अण्णा म्हणाले, ‘‘मग स्टॅबिलायझर घेऊ?’’ मी नको म्हटलं. धडधाकट मोटर एवढ्या व्होल्टेजला इतकी कोसळत नाही. व्होल्टेज फक्त चहाडी करत होता. खरा भार आत कुठेतरी होता.

(सिंक्रोनस मोटर असती तर गोष्ट वेगळी. ती व्होल्टेजपेक्षा विजेच्या हर्ट्झवर चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 60 हर्ट्झचा प्लेअर हौसेने आणून इथे ट्रान्सफॉर्मरवर लावला की वेग सहातले पाचच भाग उरतो आणि लताबाई तीन पट्ट्या खाली गातात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही.)

थाळी उचलली. मधल्या दांड्याचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. मोटरच्या बुशांत तेलाचा टिपूस नव्हता. दांडा बोटांनी फिरवून सोडला तर जागीच थांबत होता. दांडा बाहेर काढून पुसला, तळाचा छर्रा धुतला, बुशांत शिलाई मशीनचं तेल दोन-दोन थेंब. तेल रबरावर सांडलं तर नवंच दुखणं, म्हणून आधी रबरी चाक बाहेर काढून ठेवायचं. सोडलेला दांडा आता बराच वेळ फिरत राहिला. त्या संध्याकाळी त्याच पडक्या व्होल्टेजवर रेघ दोन-तीन सेकंदांत एखादी मागे सरकत होती. अण्णांनी पेटीवर पांढरी दोन धरली आणि मान हलवली.

तरी लांबवलेला स्वर थरथरत होता. सरासरी वेग बरोबर, पण स्वर हलतो, हा निराळा आजार, आणि त्याचं निदान ठेक्यावरून होतं. तेहतीसच्या रेकॉर्डची एक फेरी 1.8 सेकंदांची. हेलकावा त्या अंतराने येत असेल तर थाळी किंवा रेकॉर्ड बघायची. इथे एका फेरीत पाच-सहा ठेचा लागत होत्या, आणि थाळी एकदा फिरते तेवढ्यात छोटं चाक फिरतं साधारण तितक्याच वेळा. चाक निरखलं: एका जागी खळगा. प्लेअर वर्षानुवर्षं खटका टाकलेल्या स्थितीत पडून होता, आणि पुलीने रबरात आपली जागा करून ठेवली होती.

अशा चाकाला खोबरेल चोळणारे महाभाग मी पाहिलेत. रबर दोन दिवस मऊ लागतं, मग फुगतं आणि घसरतं. चाक ड्रिलच्या चकमध्ये धरून हळू फिरवलं, कडेला बारीक पॉलिश पेपर लावला, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) चाक, पुली आणि थाळीची आतली कड पुसली. खळगा पूर्ण गेला नाही. तेवढं घासलं असतं तर चाक लहान होऊन पकडच सुटली असती. ठेचा मात्र ऐकू येईनाशा झाल्या.

त्यानंतर एका लावणीच्या रेकॉर्डला सावकाश, 1.8 सेकंदांचा झोका सापडला. अण्णा पुन्हा प्लेअरकडे बोट दाखवू लागले. सुईचा हात फेरीगणिक आतबाहेर होत होता: रेकॉर्डचं भोकच मध्यावर नव्हतं. कानशीने भोक किंचित मोठं करून रेकॉर्ड बोटाने सरकवत मध्यावर आणता येते. अण्णा नको म्हणाले, चुलत्यांची रेकॉर्ड आहे. मग ती तशीच राहू दिली. प्लेअर बंद केल्यावर खटका मधल्या घरात आणायचा, म्हणजे चाक पुलीपासून सुटतं, एवढं अण्णांच्या नातवाला दोनदा करून दाखवलं.